कंडेन्सर नवे, पण प्रिंट उचलली

जुन्या व्हिडिओ गेमच्या मॉनिटरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलायचे आणि चित्र पुन्हा ताजं करायचं, हे काम आता बरेच वाचक घरी करतात. या अंकासाठी आलेल्या प्रश्नांमधून मात्र एक गोष्ट सारखी पुढे येते. कंडेन्सर बरोबर बसले, किंमतही (मायक्रोफॅरडचा आकडा) बरोबर, पण जुना काढताना बोर्डावरच्या पॅडला (भोकाभोवतीचा तांब्याचा ठिपका) किंवा प्रिंटला (तांब्याची पट्टी) इजा झाली आणि ती दिसलीच नाही. म्हणून हा भाग पूर्णपणे बोर्डाच्या दुरुस्तीला दिला आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९ इंची इलेक्ट्रोहोम जी०७ मॉनिटर आहे. सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलताना दोन पॅड कंडेन्सरच्या पायाबरोबरच निघून आले. एका ठिकाणी सुमारे १ सेंमी प्रिंटही उचलली आहे. अजून वीज दिलेली नाही. बोर्ड कामातून गेला का? (एडिसन, न्यू जर्सी)

अजिबात नाही. वीज न देता थांबलात, हे फार चांगलं केलंत.

हा बोर्ड एकाच बाजूला तांबं असलेला, तपकिरी फिनॉलिकचा आहे. आजच्या हिरव्या फायबरच्या बोर्डांत भोकाच्या आतूनही तांबं असतं, ते पॅडला धरून ठेवतं. इथे तसं काही नाही. पॅड म्हणजे कागदी पाटीवर डिंकाने चिकटवलेला तांब्याचा पातळ पापुद्रा. सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकली की तो डिंक मऊ होतो. कारखान्यात कंडेन्सरचे पाय बहुधा वाकवून मग डाग (सोल्डरचा जोड) दिलेला असतो. तो पाय सरळ न करता कंडेन्सर वरून ओढला, की पाय पॅडला घेऊनच वर येतो. डिसोल्डर पंपाचं टोक धक्क्यासरशी पॅडवर आदळतं, त्यानेही हेच होतं.

काम सुरू करण्याआधी दोन ठिकाणचा विजेचा साठा उतरवा. पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर चालू असताना २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो बंद केल्यावरही टिकतो. प्लॅस्टिक मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरला एक तार बांधा. तिचं दुसरं टोक ट्यूबच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या वेणीसारख्या तारेला लावा. बोर्डाच्या ग्राउंडला लावू नका. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक रबरी टोपीखाली सरकवा. दहा मिनिटांनी हेच पुन्हा करा, कारण काचेत उरलेला भार परत वर येतो. मुख्य फिल्टर कंडेन्सरवर १६० व्होल्टच्या घरात डीसी असतो. तो १ किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावून उतरवा आणि मीटरने शून्य दिसल्याची खात्री करा.

आता दुरुस्ती. उचललेली १ सेंमी प्रिंट तुटलेली नसेल, तर ती ओढू किंवा कापू नका. खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सुईच्या टोकाने अॅराल्डाइटचा पातळ थर प्रिंटखाली सरकवा. रेझिन आणि हार्डनर समान घ्या, आणि पाच मिनिटांत धरणारं नको, सावकाश धरणारंच वापरा. वर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून वजन द्या आणि रात्रभर राहू द्या. जिथे डाग द्यायचा आहे त्या टोकाला मात्र अॅराल्डाइट लावू नका.

पॅड गेला आहे तिथे प्रिंट कुठवर शाबूत आहे ते भिंगातून बघा. त्या जागेपासून ५-६ मिमी लांबीचा हिरवा किंवा तपकिरी लाखेचा थर ब्लेडच्या पाठीने किंवा काचतंतूच्या पेनाने खरवडा. तांबं गुलाबी-लालसर आणि चकचकीत दिसलं पाहिजे. ते काळपट असेल तर सोल्डर वर गोळा होऊन बसेल, धरणार नाही. रोझिन फ्लक्स लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा. नव्या कंडेन्सरचा पाय लांब ठेवा, भोकातून आला की प्रिंटच्या दिशेने वाकवून तिच्यावर सपाट निजवा आणि पूर्ण ५ मिमी लांबीवर डाग द्या. भोकाच्या तोंडाशी नुसता ठिपका दिलात, तर कंडेन्सर हलताच तो सुटेल. पाय पोहोचत नसेल तर कल्हई केलेली तांब्याची २४ गेजची तार वापरा. बी प्लस (मुख्य डीसी सप्लाय), ग्राउंड आणि योककडे (ट्यूबच्या मानेवरची, किरण वळवणारी कॉइल) जाणाऱ्या प्रिंटसाठी ती २२ गेजची असावी. तारेवर बारीक नळी चढवा. कंडेन्सरचं बूड बोर्डाला टेकवून त्याच्या कडेला अॅराल्डाइटचा एक थेंब द्या, म्हणजे वजन पॅडवर येणार नाही.

एक चूक बहुतेकांकडून होते. गेलेल्या पॅडला एकच प्रिंट जोडलेली असेल असं गृहीत धरतात. पुष्कळदा पॅड हाच दोन किंवा तीन प्रिंटचा चौक असतो. तुम्ही एक जोडता आणि बाकीच्या तुटलेल्याच राहतात. त्यामुळे सर्किट डायग्राम समोर ठेवून त्या पायाला कोणकोणते भाग जोडलेले आहेत त्याची यादी करा आणि प्रत्येकापर्यंत मीटरने मोजा. मोजताना टोक पॅडवर नको, कंडेन्सरच्या पायावर आणि पलीकडच्या भागाच्या पायावर टेकवा. सोल्डर चकचकीत दिसतं, पण पाय त्यात नुसता उभा असतो, असं बऱ्याचदा सापडतं. बीप मोडवरही विसंबू नका, कारण कित्येक मीटर ३०-४० ओमपर्यंत वाजतात. २०० ओमची रेंज घ्या. टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा, बहुधा ०.२ किंवा ०.३, लक्षात ठेवा. चांगल्या जोडाचा आकडा त्याहून फार तर ०.१-०.२ ने जास्त येतो. बोर्ड हलकेच वाकवून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर प्रिंटला केसासारखी चीर आहे.

वीज देण्याआधी हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे किरण आडवा फिरवणारा मोठा ट्रान्झिस्टर, तपासा. जी०७ मध्ये तो धातूच्या टोपीचा २एससी११७२ आहे आणि टोपी हाच कलेक्टर. डायोड रेंजवर कलेक्टर-एमिटर एका दिशेने ०.४ ते ०.६ दाखवेल, तो डँपर डायोड आहे. दोन्ही दिशांना शून्य आलं तर शॉर्ट. बेस-एमिटर मात्र बोर्डावर असताना शॉर्टसारखाच दिसतो, कारण ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग त्याला समांतर असते. त्यामुळे चांगला ट्रान्झिस्टर उगाच काढून टाकू नका.

मग १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणारी कॉइल) प्लग आधी काढा, नाहीतर तिच्यामुळेच बल्ब भक्क पेटेल आणि शॉर्ट आहे असं वाटेल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरभरून पेटत राहिला तर लगेच बंद करा आणि मुख्य फिल्टरची दिशा पाहा. पुढची पायरी म्हणजे सिरीज बल्ब काढून टाकणं आणि आउटपुट ट्रान्झिस्टर काढून बी प्लस ते ग्राउंड असा १०० वॅटचा बल्ब लोड म्हणून जोडणं. दोन्ही बल्ब एकाच वेळी ठेवले तर व्होल्टेज वाटलं जाईल आणि आकड्याला अर्थ उरणार नाही. बी प्लस १२० व्होल्ट आला पाहिजे. तो आला की ट्रान्झिस्टर अभ्रकाच्या चकतीसह आणि हीट सिंक पेस्ट लावून परत बसवा.

प्रश्न : अमेरिकेतून आलेलं आर्केड कॅबिनेट २३० ते ११० व्होल्टच्या कन्व्हर्टरवर लावलं. कंडेन्सर बदलून मॉनिटर चालू करताच फ्यूज गेला. आरजीबी (लाल-हिरवा-निळा रंगसिग्नल) कनेक्टरजवळची ग्राउंडची प्रिंट काळी पडून उडाली आहे. नव्या कंडेन्सरचा दोष असेल का? (पुणे)

कंडेन्सरचा दोष वाटत नाही, कन्व्हर्टरचा वाटतो. तुमच्या मॉनिटरसारख्या कित्येक जुन्या आर्केड चेसिसमध्ये बोर्डाचा ग्राउंड सरळ ब्रिज रेक्टिफायरच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. म्हणून मूळ कॅबिनेटमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतोच. बाजारात मिळणारे बहुतेक स्टेप-डाउन कन्व्हर्टर ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज कमी करतात, पण मेनपासून वेगळं करत नाहीत. मूळ ट्रान्सफॉर्मर वगळून कन्व्हर्टर थेट मॉनिटरला दिला, की गेम बोर्डाचा अर्थिंगला जोडलेला ग्राउंड आरजीबी केबलमधून मॉनिटरच्या गरम (मेनशी थेट जोडलेल्या) ग्राउंडला भेटतो. अर्ध्या सायकलला पूर्ण मेनचा करंट त्या बारीक प्रिंटमधून जातो आणि ती फ्यूजसारखी वितळते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कन्व्हर्टर प्लगमधून काढा आणि मीटरने इनपुटच्या दोन्ही पिना आणि आउटपुटच्या दोन्ही पिना आलटून पालटून मोजा. कुठेही काही ओम दाखवले तर तो ऑटो आहे. खऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमध्ये इनपुट-आउटपुटमध्ये काहीच वाचन येत नाही. एका मॉनिटरसाठी २३० ते ११५ व्होल्ट, २५० व्हीएचा बनवून घ्या. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याला सांगताना 'प्रायमरी-सेकंडरी वेगळ्या' हे शब्द स्पष्ट सांगा.

जळालेल्या जागेची दुरुस्ती मागच्या उत्तरासारखीच आहे, पण एक फरक महत्त्वाचा. जळून कोळसा झालेलं फिनॉलिक वीज वाहतं. काळा भाग ब्लेडने किंवा छोट्या ग्राइंडिंग बिटने मूळ तपकिरी रंग दिसेपर्यंत कोरून काढा, गरज पडली तर आरपार भोक होऊ द्या. खड्डा अॅराल्डाइटने भरा आणि जोडतार बाजूने न्या. कोळशावरूनच तार टाकली तर काही दिवसांनी तिथे पुन्हा ठिणगी पडते. ब्रिजचे चारही डायोड मोजा, त्यांतला एखादा शॉर्ट असण्याची शक्यता दाट आहे. आयसोलेशन आल्याशिवाय चालू बोर्डाला किंवा चेसिसच्या पत्र्याला हात लावू नका.

प्रश्न : मॉनिटरचा व्हर्टिकल (किरण वर-खाली फिरवणारा) आयसी एलए७८३० आहे. कंडेन्सर बदलल्यापासून चित्राचा वरचा भाग दुमडतो आणि वर पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात. आयसीही नवा घालून पाहिला. (नाशिक)

आयसी परत जुना घातला तरी चालेल. हे लक्षण पंप-अप कंडेन्सरचं आहे.

किरण खालून वर परत जाताना थोड्याच वेळात लांब पल्ला गाठायचा असतो आणि त्यासाठी २४ व्होल्ट पुरत नाहीत. म्हणून पिन ७ त्या क्षणी एका कंडेन्सरला ढकलते आणि पिन ३ वरचा सप्लाय जवळपास दुप्पट होतो. हा कंडेन्सर बहुतेक सर्किटांत १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा असतो. त्याची पॉझिटिव्ह बाजू पिन ३ ला आणि निगेटिव्ह पिन ७ ला जाते. पिन ६ कडून पिन ३ कडे एक डायोड येतो. यांतला एकही जोड तुटला की वर जाण्याचा वेग अपुरा पडतो, पुढची ओळ काढायची वेळ येते तरी किरण वरच पोहोचत असतो, आणि चित्र दुमडतं.

आयसी गरम होणारा भाग आहे. त्याच्या आसपासचा डिंक वर्षानुवर्षं तापून आधीच सैल झालेला असतो, त्यामुळे इथले पॅड सहज उचलतात. तुम्ही आता आयसीही काढून घातलात, म्हणजे सात पिनांचे पॅड आणखी एकदा तापले. कंडेन्सरच्या पायापासून आयसीच्या पिनेच्या मुळापर्यंत मोजा, पिन ३ आणि पिन ७ दोन्ही. जोड नसेल तर बोर्डाच्या खालून पायापासून पिनेपर्यंत सरळ नळीतली तार टाका. अंतर २-३ सेंमीच असतं.

असंच एक लक्षण शेजारीच सापडतं. पडद्यावर मधोमध एकच तेजस्वी आडवी रेघ आली, तर व्हर्टिकल योककडे जाणारी वाट तुटली आहे. योकच्या सिरीजमधला मोठा कंडेन्सर, बहुधा १००० मायक्रोफॅरड, आणि त्याच्याखालचा फीडबॅक रेझिस्टर यांचे जोड पाहा. शोधाशोध करताना ब्राइटनेस आणि ईएचटीवरचा (ट्यूबला उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) स्क्रीन कंट्रोल आधी कमी करा, नाहीतर ती रेघ फॉस्फरमध्ये कायमची उमटेल.

प्रश्न : २५ वॅटची साधी इस्त्री आणि हार्डवेअरच्या दुकानातली सोल्डर पेस्ट चालेल का? (सांगली)

इस्त्री चालेल, पेस्ट नको. पत्र्याच्या झाळकामाच्या पेस्टमध्ये आम्ल असतं. ते पुसलं तरी पायाखाली उरतं आणि काही महिन्यांत प्रिंट हिरवी करून खातं. रोझिन किंवा इलेक्ट्रॉनिक्ससाठीचं नो-क्लीन फ्लक्स घ्या. तापमान ठरवता येणारी इस्त्री असेल तर ३३० ते ३५० अंश आणि ६०/४० सोल्डर. एका पॅडवर ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. जमलं नाही तर सोडा, थंड होऊ द्या, मग पुन्हा टेका.

जुना डाग काढण्याआधी त्यावर थोडं नवं सोल्डर घाला, म्हणजे तो लवकर वितळतो. मग वाकलेला पाय सरळ करा आणि विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) किंवा पंप वापरा. पाय भोकात सैल डुलतोय हे पाहिल्यावरच कंडेन्सर वर उचला. ग्राउंडच्या रुंद प्रिंटवर मात्र २५ वॅटची इस्त्री अपुरी पडते आणि माणूस दाबत बसतो. तिथे ५०-६० वॅटची, रुंद टोकाची इस्त्री एकदाच टेकवणं पॅडला जास्त सोसतं.

प्रश्न : मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी चॉकलेटी रंगाचा कडक थर आहे. कंडेन्सर गळला आहे का? सगळं खरवडायचं का? (अमरावती)

बहुधा तो गळलेला द्रव नाही, कारखान्यात कंडेन्सर हलू नये म्हणून लावलेला गोंद आहे. नवा असताना तो फिकट पिवळा असतो आणि निरुपद्रवी असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो तपकिरी, मग जवळपास काळा होतो. अशा अवस्थेत तो हवेतला ओलावा धरतो, थोडी वीज वाहू देतो आणि शेजारच्या रेझिस्टर-डायोडचे पाय खातो. म्हणून हो, तपकिरी झालेला सगळाच काढा.

गरम करून ओढू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस त्यावर १०-१५ मिनिटं ठेवा आणि मग लाकडी किंवा बांबूच्या काडीने सोला. स्क्रूड्रायव्हरने खणलं तर बोर्डावर छापलेले क्रमांक जातात आणि जवळचे पाय तुटतात. गोंदाखालून निघालेल्या प्रत्येक भागाचा पाय चिमट्याने हलकेच हलवून पाहा. हिरवट-काळा पडलेला पाय वरून धड दिसतो आणि हात लागताच गळून पडतो. गळका द्रव आणि गोंद यांतला फरक असा, की द्रव बोर्डाच्या खालच्या बाजूलाही जातो. तिथे लाखेच्या थराखाली प्रिंट काळी किंवा फुगलेली दिसते. तसं दिसलं तर काळा भाग संपेपर्यंत लाख खरवडा, अल्कोहोलने धुवा, तांब्यावर सोल्डरचा थर द्या. जे तांबं उरलंच नाही तिथे तार.

प्रश्न : नेक बोर्डावरचे (ट्यूबच्या मानेवर बसणारा छोटा बोर्ड) दोनच कंडेन्सर बदलले. आता चालू करताच पूर्ण पडदा पांढराफटक होतो, तिरक्या रेघा दिसतात आणि चित्र नाही. (मडगाव, गोवा)

लगेच बंद करा, जास्त वेळ चालवू नका. ट्यूबमधून करंट बेसुमार जातो आहे.

नेक बोर्डावरच्या तिन्ही कलर आउटपुट ट्रान्झिस्टरना १५० ते २०० व्होल्टचा वेगळा सप्लाय लागतो. तो ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या एका टॅपवरून, डायोड आणि १६० किंवा २५० व्होल्टच्या छोट्या कंडेन्सरमार्गे येतो. हा सप्लाय तुटला की तिन्ही कॅथोड खाली येतात आणि पडदा पूर्ण उजळतो. तुम्ही बदललेल्या दोनपैकी एक कंडेन्सर याच वाटेवर आहे. त्याचा पॉझिटिव्ह पाय ते तिन्ही ट्रान्झिस्टरचे कलेक्टर रेझिस्टर, असा जोड मोजा. तो ठीक असेल तर ईएचटीजवळचा कमी ओमचा फ्यूजिबल रेझिस्टर उघडला आहे का पाहा. तो उघडला असेल तर कंडेन्सर उलटा बसला नाही ना, हे आधी तपासा आणि मगच रेझिस्टर बदला. नेक बोर्ड ट्यूबवर बसवताना सरळ दाबा, कारण मान तिरकी झाली तर काच तडकते.

प्रश्न : कंडेन्सर बदलल्यापासून हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर दोनदा गेला. बी प्लस बरोबर आहे. तिसरा घालू का? (कल्याण)

थांबा. बी प्लस बरोबर असतानाही ट्रान्झिस्टर पहिल्या सेकंदातच जात असेल, तर ट्यूनिंग कंडेन्सरचा जोड तुटलेला असण्याची भीती आहे. हा इलेक्ट्रोलिटिक नाही. कलेक्टर ते ग्राउंड जोडलेला, १.६ किंवा २ किलोव्होल्टचा, काही नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर आहे. तुम्ही त्याला हातही लावला नसेल, पण तो ईएचटी आणि ट्रान्झिस्टरजवळ असतो. त्या भागातले इलेक्ट्रोलिटिक काढताना बोर्ड वाकला की त्याच्या पायाभोवतीचं जुनं ड्राय (तडकलेलं, नीट न धरलेलं) सोल्डर पूर्ण सुटतं. भिंगातून पायाभोवती गोल काळसर चीर दिसते.

कलेक्टरवर हजाराच्या आसपास व्होल्टचा पल्स कितीवर थांबायचा, हे हा कंडेन्सर ठरवतो. तो वाटेतून गेला की पल्स कितीतरी वर जातो आणि ट्रान्झिस्टर फुटतो. तो अर्धवट जोडलेला असेल किंवा कमी नॅनोफॅरडचा बसवला असेल, तर ट्रान्झिस्टर कदाचित टिकेल, पण ट्यूबवरचा दाब वाढून एक्स-रे वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे इथे 'जवळपासची' किंमत चालत नाही. सर्किट डायग्राममधली नॅनोफॅरड किंमत आणि व्होल्टेज तंतोतंत घ्या.

दुरुस्ती करताना त्या पायाचं सगळं जुनं सोल्डर काढा, पाय घासून चमकवा आणि भरपूर नवं सोल्डर द्या. पॅड सैल वाटत असेल तर २२ गेजची तार थेट कंडेन्सरच्या पायापासून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपर्यंत न्या. जाड नळी चढवा आणि बाकी प्रिंटपासून किमान ६ मिमी अंतर राखा. ईएचटी ट्रान्सफॉर्मर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आणि योक कनेक्टर यांच्या सगळ्या पिनांनाही ताजं सोल्डर द्या. ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरजवळचा छोटा इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला असेल तर ट्रान्झिस्टरला पुरेसा ड्राइव्ह मिळत नाही. अशा वेळी तो आधी तापतो आणि मिनिटभराने जातो. तुमचा किती वेळाने गेला हे आठवून पाहा, त्यावरून ठरेल आधी कुठे बघायचं. हे सगळं मोजून झाल्यावर तिसरा ट्रान्झिस्टर घाला आणि पहिली पाच मिनिटं सिरीज बल्बवरच चालवा. चित्र आकसलेलं दिसेल, ते चालेल. या पाच मिनिटांनंतर प्लग काढून, फिल्टरचा साठा उतरवून ट्रान्झिस्टरच्या हीट सिंकला बोट लावा. कोमट असेल तर बल्ब काढायला हरकत नाही.